दावा

नोव्हेंबरात सुंड्सवालला तीन वाजताच दिवे लागतात.
मी कानाला हेडफोन चढवते, यादीतला पुढचा नंबर लावते.
सर्वेक्षण अकरा मिनिटांचं आहे. मी आठ सांगते.
विषय: पाळीव प्राण्यांच्या विम्याला असलेली मागणी.

मागणी.
हा शब्द कंपनीचा. माझ्या कानाशी कुणी काही मागत नाही.
लोक म्हणतात, थांबा हं, त्याला आत घेते,
मग दार वाजतं, लाकडी जमिनीवर नखं वाजतात,
कुणीतरी बर्फासकट अंग झटकतं.

प्रश्न चौथा: महिन्याला जास्तीत जास्त किती क्रोना द्याल?
हार्नोसांडच्या येर्दिसबाई मोठ्याने हिशेब मांडतात.
मांजराची मूत्रपिंडं, त्याचं औषध, त्याचं वेगळं खाणं.
स्वतःचे दात पुढच्या वर्षी.
"साडेतीनशे लिहा."
मी लिहीपर्यंत, "चारशे."
मी अवाक्षर काढलं नव्हतं.
बाईंनी आपल्याशीच घासाघीस केली
आणि भाव वाढवून घेतला.

एका घरात फोन मुलीने उचलला. आई कामावर.
नियमाप्रमाणे तिथेच ठेवायला हवा होता.
तिच्याकडे ससा आहे, एक कान पडलेला,
आणि बिस्किटांच्या डब्यात एकशे साठ क्रोना.
"एवढ्यात किती दिवस येतील?"
"कशाचे?"
"सशाचे."
मी म्हटलं, आई आली की फोन करते.

मग एलोफ नूरग्रेन, वय एकाहत्तर, गाव नदीच्या वरच्या अंगाला.
प्राणी? कुत्री.
नाव? टूवा. करडी, छातीशी फिकी, एल्कच्या शिकारीची जात.
विमा आहे? आहे.
समाधानी? फार.
गेल्या दोन वर्षांत किती दावे केलेत?
"एकही नाही."
दाव्यांच्या रकान्यात मी शून्य भरलं.
नशीबवान माणूस, असं मनात आलंसुद्धा.

प्रश्न अकरावा: विमा चालू ठेवण्याचं मुख्य कारण?
पर्याय वाचून दाखवले: खर्चाची धास्ती, डॉक्टरांचा सल्ला, सवय, इतर.
तिकडे घड्याळ चालू होतं. खुर्ची सरकली.
"ती मार्चात गेली," तो म्हणाला. "मागच्या नाही, त्याच्या मागच्या."

कळवायचं होतं. दोनदा फोन हातात घेतला.
पण ते तारीख विचारणार,
आणि तारीख एकदा सांगितली की ती त्यांच्याकडेही मरणार.
आत्ता त्यांच्या हिशेबी ती आहे.
जानेवारीत वय वाढलं म्हणून हप्ताही वाढवला त्यांनी.
"चौदा धरलीय तिला. माझ्याकडे साडेबाराच झाली."

शिवाय महिन्याला पत्र येतं:
टूवा आणि एलोफ नूरग्रेन यांस.
"बाकीच्या पाकिटांवर मी एकटाच असतो."

दारामागे खुंटीला तिचं कातडी दावं आहे, म्हणाला,
तेल लावतो अधूनमधून, नाहीतर कडक पडतं.

मी पर्यायांकडे बघत बसले.
खरं तर हे उत्तरच बाद. प्राणी हयात असणं ही पहिली अट,
आणि ती विचारायची राहून गेली होती,
माझ्याकडून की प्रश्नावलीकडून, ते नंतर बघू.
'इतर'च्या पुढे चाळीस अक्षरांची जागा असते.
मी लिहिलं: पत्रावर दोन नावं येतात.
अक्षरं उरली.

"हे त्यांना कळवणार तुम्ही?"
"नाही. निनावी असतं सगळं."
"मग तिचं नाव लिहू नका," म्हणाला,
आणि थोड्या वेळाने, "नाही, लिहाच."

सव्वीस मिनिटं झाली होती.
वसंतात अहवाल येईल, त्यात एखादं वाक्य असेल,
वयस्क कुत्र्यांच्या मालकांत मागणी टिकून असल्याचं.
चूक कसं म्हणू?

बाहेर बर्फ काढणारी गाडी आली, गेली.
कागदाच्या कडेला मी भागाकार केला:
सशाचा हप्ता एकोणऐंशी, डब्यात एकशे साठ.
दोन महिने. वर दोन क्रोना.
सांगायला नंबर शोधला.
यंत्राने तो केव्हाच पुसला होता, नियमाप्रमाणे,
आणि पुढचा लावला होता. वाजत होता.